ई-बुकने कुठलं कपाट खाल्लं? गोव्यातल्या पुस्तक-दुकानदारासाठी कामाचं टिपण

ई-बुकने माझ्या दुकानातलं एक अख्खं कपाट खाल्लं आणि ते कळायला मला तीन वर्षं लागली. महिन्याची विक्री मी एकच आकडा म्हणून बघत होतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) आरत्यांची पुस्तकं खपली, दिवाळीला अंक खपले, की आकडा बरा दिसायचा. दाराजवळच्या कपाटातल्या इंग्रजी कादंबऱ्यांवर धूळ बसतेय, याकडे लक्षच जात नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा त्या कपाटात अडकलेल्या पैशांत दोन वर्षांची नाटकांची पुस्तकं आली असती.

म्हणून पहिली गोष्ट: ‘ई-बुकशी स्पर्धा’ असं काही एकगठ्ठा नसतं. प्रत्येक कपाटाची लढाई वेगळी असते. काही कपाटं हरलेली असतात, ती सोडायची. काही कपाटांना ई-बुक शिवलेलंही नसतं, तिथे पैसा वळवायचा. पुढे जे लिहिलंय ते बार्देश-डिचोली-फोंड्याकडच्या छोट्या दुकानदाराला समोर ठेवून लिहिलंय. मोठ्या मॉलमधल्या दुकानाला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

महिनाभर नकाराची वही ठेवा

शंभर पानी वही घ्या. चार रकाने आखा: काय मागितलं, आपल्याकडे होतं का, घेतलं का, आणि नाही घेतलं तर का. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की लगेच लिहायचं. रात्री आठवून लिहिलं तर आपण आपल्या सोयीचं लिहितो. चौथ्या रकान्यासाठी विचारायला लाज वाटते, पण मी सरळ विचारतो, “मोबायलार वाचतले मू?” लोक हसतात आणि खरं सांगतात. (काउंटरवर बोलणं कोंकणीत आणि पिशवीत पुस्तक मराठी, हे गोव्यात कुणाला नवीन नाही.)

महिन्याच्या शेवटी माझी वही वाचली आणि थोडा ओशाळलो. ई-बुककडे गेलेली माणसं मोजकीच निघाली. त्याहून जास्त माणसं परत गेली ती पुस्तक नव्हतं म्हणून, किंवा “पुण्याहून मागवून देतो, दहा-बारा दिवस लागतील” हे माझं उत्तर ऐकून. त्या नुकसानाचं खापर मी खुशाल ई-बुकवर फोडत होतो.

कपाटांचे तीन ढीग करा

वही समोर ठेवा आणि दुकानातलं प्रत्येक कपाट तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग गेलेल्यांचा. इंग्रजी खपाऊ कादंबऱ्या, ‘यशस्वी कसे व्हाल’ छापाची इंग्रजी पुस्तकं, जाडजूड शब्दकोश, संगणकाची पुस्तकं. इथे ऑनलाइन सवलत आणि ई-बुक दोन्ही बाजूंनी मार बसतो. यांच्या एकेक-दोनदोन प्रती ठेवा, तेवढ्या पुरे. ज्यांचा कॉपीराइट संपलाय ती पुस्तकंही याच ढिगात येतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११पासून त्यांचं लेखन मोकळं झालं आणि ते जालावर फुकट मिळतं. तरी ते कपाट पूर्ण मोडू नका. मुंजीला, वाढदिवसाला, शाळेच्या बक्षिसाला कुणी पीडीएफ देत नाही. फक्त स्वस्त कागदाची आवृत्ती काढून टाका आणि पुठ्ठा बांधणीची, मोठ्या अक्षराची ठेवा.

दुसरा ढीग अजून शाबूत असलेल्यांचा: पोथ्या, आरतीसंग्रह, भजनाची पुस्तकं, पंचांग, नाटकांच्या संहिता, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, गोव्याविषयीची पुस्तकं. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण फोनवर करून बघा. दुसऱ्या अध्यायाला गॅसवाल्याचा फोन येतो. आणि सोवळ्यात बसलेली आजी मोबाइलला हात लावेल का, हे मी सांगायला नको.

तिसरा ढीग मधल्यांचा. मराठी कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद, दिवाळी अंक. खरी झुंज इथे आहे.

समोरच्याची ताकद आणि खोडी दोन्ही माहीत असू द्या

गिऱ्हाईक काउंटरवर वाद घालत नाही, पण विचारतं. तेव्हा अर्धवट माहितीवर बोलू नका. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक वाचण्याच्या यंत्रावर आणि ॲपवर, मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरीपासून आली. त्याआधीपासून मराठी ई-पुस्तकं विकणारी पुण्याची बुकगंगा होतीच. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्यावर ५ टक्के, आणि जे फक्त ई-पुस्तक आहे त्यावर १८. तरीही ई-बुक स्वस्त पडतं, कारण त्याला कागद, बाइंडिंग, बिल्टी, गोदाम आणि आपल्यासारखा दुकानदार लागत नाही.

मग मराठीतली इतकी पुस्तकं अजून ई-बुक का झाली नाहीत? एक मोठं कारण फाँटचं आहे. कित्येक प्रकाशकांची जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लावलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, आणि पान न् पान पुन्हा तपासावं लागतं. हजार प्रतींच्या पुस्तकासाठी हा खर्च कोण करणार? गोवेकराला तर ही गोष्ट जुनीच. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली इथे उतरला, पण फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं तेव्हा देवनागरीचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) नव्हते, आणि ते मराठी काव्य रोमन अक्षरांत निघालं. मराठी पुस्तक अक्षराशी अडण्याला इथे चारशे वर्षं झाली. ही अडचण आज आपल्या पथ्यावर पडते, पण कायम पडेल या भ्रमात राहू नका. छापील पानाच्या फोटोवरून मजकूर ओळखणारं तंत्र, ओसीआर, सुधारतंय.

दुसरी खोडी मालकीची. ई-बुक विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्या गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या, हक्काचा घोळ झाला म्हणून. पैसे परत दिले, पण पुस्तक पुसलं ते न विचारता. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही लोकांची घेतलेली पुस्तकं पैसे परत करून काढून घेतली. हे भीती घालायला सांगू नका. “हे पुस्तक वाचून झालं की मला परत विकू शकाल” एवढंच सांगा. जुनी पुस्तकं परत घेण्याचं पुढे येतंच.

आणि खरा चोर ई-बुक नव्हे, व्हॉट्सॲपवर फिरणारी स्कॅन केलेली पीडीएफ आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. दुकानाचा ग्रुप असेलच आणि त्यावर अशी फाइल कुणी टाकली तर तिथल्या तिथे काढा. एका गिऱ्हाइकाने मला प्रेमाने पाच हजार पुस्तकांची लिंक पाठवली होती, त्यात माझ्याच काउंटरवर मांडलेली तीन पुस्तकं होती.

नाटकांचं कपाट: इथे सगळं बळ लावा

आता ज्या कपाटाने माझं दुकान तारलं त्याविषयी जरा सविस्तर.

गोव्यात दिवाळी सरली की मे संपेपर्यंत गावोगावी जत्रा, कालो (देवळातला दशावतारी उत्सव), उत्सव. देवळासमोरच्या मांडवात गावच्या पोरांचं मराठी नाटक नसेल तर उत्सव झाल्यासारखा वाटत नाही. शिवाय कला अकादमीच्या स्पर्धा. प्रत्येक नाटकाला संहिता लागते, आणि एक नव्हे, सहा-आठ प्रती लागतात. “आमकां आठ प्रती जाय, आयतारा तालीम आसा,” (आठ प्रती हव्यात, रविवारी तालीम आहे) म्हणत दोन मोटारसायकलींवरून चौघे येतात. आयतार परवावर आलेला असतो.

इथे ई-बुक का चालत नाही? विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर बघा. त्याच्या हातात पुस्तक असतं, पेन्सिलीने कापलेले संवाद, समासात ‘इथे दिवा जाणार’, ‘बापू उजवीकडून’. मोबाइल धरला तर उजेडाने त्याचाच चेहरा विंगेत उजळतो आणि पहिल्या रांगेतली पोरं हसतात. तालमीतही पान उलटून “मागच्या प्रवेशापासून” म्हणणं कागदावर एका सेकंदाचं काम आहे.

पण नुसत्या प्रती ठेवून भागत नाही. ही पोरं लेखकाच्या नावाने नाटक मागत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो: पुरुष किती, बायका किती? बायका दोनच हव्यात, कारण बाहेरून बोलवायच्या तर मानधन, गाडी, जेवण. मग: एकच सेट आहे ना? ऐतिहासिक आहे की सामाजिक? ऐतिहासिक असेल तर कपडेवाल्याचं भाडं वाढतं. म्हणून मी एक यादी बनवली आणि तुम्हीही बनवा. दुकानातल्या प्रत्येक नाटकासमोर लिहा: अंक, पुरुष पात्रं, स्त्री पात्रं, सेट, गद्य की संगीत, अंदाजे किती तासांचं, प्रयोगाची परवानगी कुणाकडे मिळते. एका पावसाळ्यात, दुपारची दुकानं बंद असतात त्या वेळात, ही यादी बसून पूर्ण होते. मी संध्याकाळीही बसायचो, जुलैत कोण येतंय. आता “सहा पुरुष, दोन बायका, एक सेट, विनोदी” म्हटलं की दोन मिनिटांत चार नाटकं काढून टेबलावर ठेवतो. हे कुठल्याही ऑनलाइन दुकानाच्या शोधखिडकीत होत नाही.

दोन पथ्यं पाळा. एक, संहितेची झेरॉक्स काढून देऊ नका, कितीही गळ घातली तरी. आज आठ झेरॉक्स दिल्या की पुढच्या वर्षी आठ प्रती विकायचा हक्क आपणच घालवला. पुस्तक छापलंच जात नसेल तर प्रकाशकाला किंवा लेखकाला फोन लावून रीतसर परवानगीने प्रती काढून घ्या. दोन, पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोग करायची मुभा मिळत नाही, हे मुलांना आधीच सांगा. परवानगीचा पत्ता आणि मानधनाची पद्धत चिठ्ठीवर लिहून द्या. ती चिठ्ठी घेऊन गेलेला मुलगा पुढच्या वर्षी दुसरीकडे जात नाही.

भजनी मंडळांचंही असंच. चवथीच्या आधी तीन आठवडे आरत्यांची पुस्तकं दारात मांडा, दहा प्रतींच्या गठ्ठ्यात. घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) वाजत असताना प्रत्येकाच्या हातात पुस्तक लागतं, आणि मोठ्या अक्षराचंच लागतं.

गोव्याचं कपाट

गोव्याविषयीचं, गोमंतकीय लेखकाचं पुस्तक पुण्या-मुंबईच्या दुकानात सहसा नसतं आणि ई-बुक म्हणून तर क्वचितच. लेखकाने स्वतः छापलेल्या पाचशे प्रती त्याच्या घरी पलंगाखाली असतात. त्या तुमच्याकडे आणा. पद्धत सोपी: दहा प्रती विक्री-परत बोलीवर (खपल्या तेवढ्याचे पैसे, उरलेल्या परत), साध्या कागदावर दोघांच्या सह्या, तीन महिन्यांनी हिशेब. पैसे ठरलेल्या तारखेलाच द्या, नाहीतर पुढच्या पुस्तकाला लेखक फिरकत नाही.

जुन्या, दुर्मिळ झालेल्या पुस्तकांचाही विचार करा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मुळात १८३२चं. तिथे जाऊन एक दिवस गोमंतकीय पुस्तकं बघा. कोणाचा कॉपीराइट संपलाय ते वर सांगितलेल्या हिशेबाने काढा. डिजिटल छपाईवर आता शंभर प्रतीसुद्धा निघतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून अर्ज केल्यावर फुकट मिळतो. खर्च निघायला वेळ लागतो, पण त्या पुस्तकाचे तुम्ही एकटेच विक्रेते असता.

सवलतीचं गणित कागदावर मांडा

३०० रुपये छापील किंमत धरा. प्रकाशक ३० टक्के कमिशन देत असेल तर आपल्याला २१०ला पडतं. पार्सलचे प्रतीमागे दहा गेले, उरले ८०. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली तर ५० उरतात. ऑनलाइन बघून २० टक्के दिली तर २०, आणि त्यात भाडं, वीज, मुलाचा पगार, पिशवी. म्हणजे सवलतीच्या शर्यतीत आपण पहिल्या वळणावरच पडतो.

मी सरसकट सूट बंद केली. त्याऐवजी पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर फुकट, आठ दिवसांत न आवडल्यास बदलून, आणि आठपेक्षा जास्त नाटकाच्या प्रतींवर १० टक्के. पहिल्या दोन महिन्यांत काही जण कुरकुरले. जुने गेले नाहीत.

खरेदीच्या बाजूला मात्र चिकाटीने घासाघीस करा. रोख घेतलं तर कमिशन जास्त मागा. न खपलेलं परत घेणार का, ते लेखी घ्या. तोंडी बोलीवर मी एकदा दीडशे प्रती घेऊन बसलो, त्यातल्या सत्तर अजून माळ्यावर आहेत. ग्रंथालयांना पुरवठा करत असाल तर पैसे मार्चनंतर कधीतरी येतील असं धरूनच कोटेशन भरा. एका संस्थेने माझं बिल अकरा महिने अडकवलं. तेव्हापासून ग्रंथालयाच्या बिलावर मी घराचा हप्ता ठरवत नाही.

फोन, पोस्ट आणि ‘परवापर्यंत’

नकाराच्या वहीने शिकवलेला धडा: दहा दिवस हे उत्तर गिऱ्हाईक पळवतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या एका वितरकाशी ठरवून ठेवा, दर सोमवारी आणि गुरुवारी मागणी जाणार, रात्रीच्या बसने पार्सल निघणार, सकाळी इथे. मग काउंटरवर “शुक्रवारी या” असा नेमका वार सांगता येतो. ई-बुक एका मिनिटात येतं हे खरंच आहे. पण नेमका वार सांगितला तर बरीच माणसं थांबतात.

व्हॉट्सॲपवर ग्रुप करू नका. सुप्रभातचे फोटो सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादी ठेवा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मात्र गिऱ्हाइकाने आपला नंबर जतन केला असेल तरच निरोप पोचतो, म्हणून काउंटरवरच नंबर सेव्ह करून घ्या. आठवड्याला एकच निरोप आणि तो स्वतःच्या शब्दांत. प्रकाशकाची जाहिरात पुढे ढकललेली लोक वाचत नाहीत. माझा एक निरोप असा होता: “कोकणातल्या घराच्या वाटणीवरची कादंबरी आलीय. २४० पानं, अक्षर बरं मोठं. मधली पन्नास पानं रेंगाळते, पण शेवट धरून ठेवतो. चार प्रती आहेत.” त्यातलं ‘रेंगाळते’ वाचूनच लोकांनी विश्वास ठेवला. चारही गेल्या.

गुगल मॅपवर दुकानाची वेळ खरी टाका. एक ते साडेतीन आपण बंद असतो हे गोवेकराला सांगावं लागत नाही, पण बांदा-सावंतवाडीहून आलेला माणूस कुलूप बघून परत जातो.

बाहेरगावी पाठवायला टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा १ मे २०२५पासून सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट कुठवर पोचलं ते कळतं, पण जातं जमिनीवरून, तेव्हा घाईच्या मागणीला वापरू नका. नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली इथली मुलं आईसाठी पोथी आणि स्वतःसाठी गोव्याचं पुस्तक एकाच मागणीत टाकतात.

भाड्याने आणि जुनी

महिन्याला ठराविक रकमेत हवं तितकं वाचा, ही ई-बुकवाल्यांची योजना आपल्याकडे वाचनालय म्हणून कधीपासून आहे. मधल्या ढिगातल्या कादंबऱ्यांच्या एकेक प्रती भाड्याच्या कपाटात टाका. अनामत पुस्तकाच्या किमतीएवढी घ्या. जे पुस्तक सहा वेळा बाहेर जातं त्याच्या विक्रीच्या प्रती मागवा. हे सर्वेक्षण फुकटात होतं.

जुनी पुस्तकं परत घेताना रोख देऊ नका, दुकानात वापरायची उधार-चिठ्ठी द्या. गावातली जुनी घरं रिकामी होतात तेव्हा पेट्या भरून पुस्तकं येतात. त्यातली वाळवी लागलेली दारातच बाजूला काढा, आत घेऊ नका.

स्वतः ई-बुक विकायची का? मी प्रयत्न केला, लिंकमधून मिळणारं कमिशन चहापुरतंही नव्हतं. स्थानिक लेखकाला त्याचं पुस्तक युनिकोडमध्ये लावून द्यायला मदत करा आणि त्याचे पैसे घ्या, ते परवडतं.

पावसाच्या आधी

ई-बुकला बुरशी येत नाही. आपल्या मालाला येते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात न खपलेल्या पुस्तकांचे परतीचे गठ्ठे बांधून टाका, कारण जूनमध्ये पान फुगलं की कुठलाच प्रकाशक परत घेत नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा, वर कापूर नाहीतर डांबराच्या गोळ्या. नाटकांचं कपाट सगळ्यात कोरड्या भिंतीला. ऑगस्टमध्ये आरत्यांचे गठ्ठे उतरतील, त्यांना जागा आत्ताच करून ठेवा.